चॅम्पियन गरोदर राहिली की बेल्ट सोडायलाच हवा का?

रिंगसाइड: डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीची चॅम्पियन बेकी लिंचने मे २०२० मध्ये ‘रॉ’ या शोवर गरोदरपणाची बातमी देऊन बेल्ट (म्हणजे किताब) असुकाकडे दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये नेओमीलाही वर्ल्ड टायटल सोडावं लागलं. ही प्रथा मला पटत नाही. अंतरिम (तात्पुरती) चॅम्पियन नेमा आणि मूळ चॅम्पियन परतली की दोघींची मॅच लावा. एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीने २०२२ मध्ये थंडर रोझा जखमी असताना टोनी स्टॉर्मला असंच अंतरिम केलं होतं.

टॉपरोप: उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. रोझा परतली नाही, त्याच नोव्हेंबरमध्ये बेल्ट सोडावाच लागला आणि तोवर स्टॉर्मच्या प्रत्येक मॅचला ‘अंतरिम’चं शेपूट. बेकी रिंगमध्ये परतेपर्यंत पंधरा महिने गेले. एवढा काळ बेल्ट अधांतरी ठेवलात तर मागच्या फळीतल्या मुलींनी लढायचं कशासाठी? उलट आल्या आल्या बेकीला समरस्लॅम या मोठ्या शोमध्ये थेट टायटल मॅच मिळाली, २६ सेकंदांत ती जिंकलीही. २००४ मध्ये लिटाच्या गर्भपाताची स्टोरीलाइन चालवणाऱ्या कंपनीसाठी ही मोठी सुधारणा आहे.

रिंगसाइड: ती बेकी होती म्हणून. मिडकार्डवालीला (मधल्या फळीतलीला) असं काही मिळत नाही.

कलमवाचक: बेल्टवर का भांडताय? अमेरिकेत बहुतेक कुस्तीगीर कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार आहेत. तिथल्या कायद्यातली १२ आठवड्यांची बिनपगारी रजा नोकरदारांसाठी आहे. गरोदरपणावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं संरक्षणही त्यांच्यापुरतंच. डब्ल्यूडब्ल्यूईने डॉन मेरीला २००५ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर असतानाच काढलं, तिला समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करावी लागली. करारात तीन गोष्टी लेखी हव्यात: रजेत किमान हमी रक्कम चालू, रजेचे महिने कराराच्या शेवटी जोडायचे नाहीत, आणि रजेत करार संपला तर ठरावीक मुदतवाढ.

टॉपरोप: मुदतवाढ हवी आणि महिने जोडायचे नाहीत, दोन्ही कसं जमेल?

कलमवाचक: जमेल. वाढ घ्यायची की नाही हे तिने ठरवायचं, कंपनीने लादायचं नाही.

फ्लॅटबॅक: परतण्याच्या तारखेचं कलमही घाला, म्हणजे कंपनीने घाई करायची नाही. रोंडा राउझी बाळंतपणानंतर चार महिन्यांत रॉयल रम्बल (अनेकजणींची एकत्र मॅच) जिंकली, हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. पण रम्बलमध्ये गर्दी असते, बम्प (मॅटवर आपटून पडणं) कमी घेता येतात. एकेरी मॅचमध्ये पाठीवर पडताना हनुवटी छातीला टेकलेली हवी आणि त्यासाठी मानेच्या स्नायूंसोबत पोटाचाही जोर लागतो. बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू फाकलेले असतील तर मान मागे झटकू शकते, डोकं मॅटवर आपटू शकतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल असतील तर वजन उचलताना त्रास होतो, तो वेगळाच. आधी फिजिओची तपासणी, मग धावणं (तेही साधारण १२ आठवड्यांनंतर), मग जाड गादीवर बम्प आणि शेवटी रिंग.

टॉपरोप: मग गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हलक्या मॅच चालतील? निरोपाची स्टोरी तरी नीट बांधता येईल.

फ्लॅटबॅक: अजिबात नाही. पडताना गर्भाशयाची भिंत ताणली जाते, वार (प्लासेंटा) तशी ताणली जात नाही. त्यामुळे वार सुटू शकते. हा धोका दिवस भरत जातील तसा वाढतो, पण ‘हलकी मॅच’ अशी हमी रिंगमध्ये कुणीच देऊ शकत नाही. समोरचीचा पाय घसरला की संपलं. निरोप माइकवर घ्या.

रिंगसाइड: माइकवरच घ्या, पण त्याच प्रोमोत जाहीर करा की परतल्यावर पहिली टायटल मॅच हिची. मिडकार्डवालीने बेल्ट जिंकला असेल तर तिच्यासाठीही हेच.

टॉपरोप: एवढं मान्य. अंतरिमला माझा विरोध कायम.