कोचीची जुनी गोदामं: आईबाबांना न्यावं का?

पोटोबा: डिसेंबरएंडला कोचीला चाललोय. बिएनालेची (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) गोदामं मस्त असतात म्हणे, पण आम्हाला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, जावं का?

भटकभवानी: बिनधास्त जा! अ‍ॅस्पिनवॉल हाऊस म्हणजे १८६७ च्या व्यापारी कंपनीची जागा, मिरी, आलं, काथ्या सगळा धंदा इथूनच, चित्रं नाही कळली तरी वरची कौलं आणि खिडकीतून दिसणारी जहाजं बघत बसा. आमच्या बाबांनी तेच केलं. जवळच्या पेप्पर हाऊस या दुसऱ्या जुन्या गोदामाच्या अंगणात कॉफीही मिळते.

कोकणी_कार्टा: आधी तारखा बघा रे!! २०१२ ला सुरू झालं पण दरवर्षी नसतं, आम्ही भलत्या वर्षी गेलो आणि कुलूप बघून आलो. एर्नाकुलमहून बोटीनेच जा.

पोटोबा: बोट म्हटल्यावर आई तयार 😄