डीवो हा अमेरिकी बँड वीस वर्षांनी परत आला, तेही मतं मागून. हा विनोद की शरणागती?

कासारवडवलीकर
आमच्या बिल्डिंगला यंदा रंग काढायचाय. कमिटीने व्हॉट्सॲपवर सात रंगांचा पोल टाकला. एकाहून जास्त रंगांवर टिक करायची मुभा होती, त्यामुळे प्रत्येकाने आपला आवडता रंग निवडला आणि वर 'हाही चालेल' म्हणून बदामीवर टिक केली. जिंकला बदामी. एकाही घराचा तो आवडता रंग नव्हता.

त्या रात्री डीवोचा २०१० चा अल्बम पुन्हा ऐकला. नाव 'समथिंग फॉर एव्हरीबडी', म्हणजे प्रत्येकासाठी काहीतरी. त्याआधीचा अल्बम १९९० चा, मध्ये वीस वर्षं. माणूस पुढे जात नाही, मागे घसरतोय, हे 'डी-इव्होल्यूशन' याच लोकांनी सत्तरच्या दशकात मांडलं. कळपाची, जाहिरातींची, गुळगुळीत आशावादाची टर उडवली. आणि परत येताना काय केलं, तर जाहिरात कंपनी नेमली, सोळा गाण्यांतली बारा निवडायला ऑनलाइन मतदान घेतलं, डोक्यावरच्या त्या उलट्या कुंडीसारख्या लाल टोप्यांचा रंगसुद्धा लोकांना विचारून निळा केला. म्हणे हा सगळा विनोद. पण विनोद म्हणून घेतलेल्या मतदानातूनही निकाल बदामीच येणार ना? माझं म्हणणं एवढंच, की ज्याची टर उडवायची त्याच्या हाती कात्री देऊ नये.

पाचपाखाडी_जुना
काका, तुम्ही सोसायटीचा राग बँडवर काढताय. पोल हाच तर त्यांचा प्रयोग होता! आधी आपली खिल्ली, मग जगाची. यांनी गणवेश घालून, यंत्रासारखे हातवारे करत गाणी म्हटली तेव्हाही लोक विचारायचेच, हे खरं की सोंग. उत्तर न देणं हीच गंमत.

सानपाडा_स्लो
आधी एक दुरुस्ती. वीस वर्षं 'गायब' नव्हते. १९९६ पासून मंचावर येत होते, नवा अल्बम तेवढा नव्हता. मधल्या काळात त्यांचा गायक मार्क मदर्सबॉ सिनेमा आणि टीव्हीला संगीत देत होता. मुलांच्या कार्टूनचं सुद्धा.

आता विरोध. फरशी पुसायच्या मॉपच्या जाहिरातीसाठी आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं शब्द बदलून दिलेली ही मंडळी. बाजाराला आपण आतून पोखरतोय असं सांगत सांगत बाजाराचेच नोकर झाले. काका बरोबर बोलताहेत, फक्त मवाळ बोलताहेत.

नौपाड्याची_मावशी
माझं आजोळ नारायणगावचं, तमाशे पाहत मोठी झाले. सोंगाड्या पाटलाच्या गावात, पाटलाने दिलेल्या सुपारीवर, पाटलाचीच उडवतो. पाटील पुढे बसून हसतो आणि वर दौलतजादा करतो. म्हणून सोंगाड्या विकला गेला म्हणायचं का? पैसा कुणाचा, यावरून विनोद खोटा ठरत नाही हो.

कासारवडवलीकर
मावशी, मान्य. पण सोंगाड्या आदल्या दिवशी वाड्यावर जाऊन 'पाटील, यातले कोणते बारा विनोद ठेवू?' असं विचारत नाही.

नौपाड्याची_मावशी
उघड विचारत नाही. पण कुठल्या गावात काय चालतं याचा हिशेब डोक्यात ठेवूनच बतावणी सुरू होते. ते नजरेने मोजायचे, यांनी वेबसाइटवर मोजलं.

नेरूळ_पूर्व
एवढा खल कशाला? जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले आले, तेव्हा आमच्या बाल्कनीत फुकट ऐकू येत होतं. लोकांना पाठ असलेली गाणी हवी असतात. नवा अल्बम म्हणजे पाणी प्यायला उठायची वेळ.

पाचपाखाडी_जुना
पाठ असलेल्या गाण्याचीच गोष्ट घ्या मग. 'व्हिप इट', १९८०. 'ऊठ, झटक, तुला जमेल' छापाच्या अमेरिकी उपदेशाची ती टर होती. लोकांनी भलताच, चावट अर्थ काढला आणि गाणं तिकडच्या हॉट हंड्रेड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ व्या नंबरपर्यंत चढलं. म्हणजे न विचारताही लोकांनी आपलंच केलं. तीस वर्षांनी यांनी रीतसर विचारलं, तर बिघडलं काय?

सानपाडा_स्लो
बिघडलं ते मुळात. ४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने युद्धविरोधी निदर्शनांवर गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी गेले. डीवोच्या संस्थापकांपैकी एक, जेराल्ड कसाले, तिथे विद्यार्थी होता, मेलेल्यांपैकी दोघे त्याच्या ओळखीचे. हा बँड त्या संतापातून उभा राहिला. तो माणूस चाळीस वर्षांनी टोपीचा रंग विचारत बसतो, हे मला बघवत नाही. आवडत नाही असं नाही, बघवत नाही.

कासारवडवलीकर
इथे मात्र मी तुमच्या विरुद्ध. याच अल्बममध्ये 'डोन्ट शूट (आय ॲम अ मॅन)' आहे. गोळी घालू नका, मी माणूस आहे. वरून नाचायचं गाणं. केंट स्टेट माहीत असलेल्याला ते नाचू देत नाही. अल्बम वाईट आहे असं मी म्हटलेलंच नाही. गाणी ताठ आहेत, सिंथेसायझर अजून चावतो. माझी तक्रार निवडीच्या पद्धतीवर आहे. गळलेल्या चारांत काय होतं, हा किडा डोक्यातून जात नाही.

पाचपाखाडी_जुना
म्हणजे तक्रार करत करत गाणं मात्र आवडलं. पोल पास!

घणसोली_लोकल
हे नावच पहिल्यांदा ऐकलं. आज ठाण्याला दहा नंबरवरून वाशी गाडी पकडली आणि लावला अल्बम. पहिलं गाणं, 'फ्रेश', ऐरोलीपर्यंत दोनदा लावलं. तुम्ही म्हणता ते 'डोन्ट शूट' मला जाम मजेशीर वाटलं, पाय हलत होते. आता वरचं केंट स्टेटचं वाचलं. परत लावायला हात जात नाहीये.

नेरूळ_पूर्व
काका, बिल्डिंगचं काय झालं शेवटी?

कासारवडवलीकर
सोमवारी परांची बांधायला घेतली. सेक्रेटरी म्हणाले, बदामीत तीन शेड आहेत, नवा पोल टाकतो.