‘सेंट-ग्योर्गी’मधला सेंट म्हणजे संत का? आणि उच्चार नेमका काय?

प्रश्न (इंदूरची निवृत्त बाई):
कॉलनीच्या गणपतीत मुलांचं विज्ञान प्रदर्शन आहे. ‘क’ जीवनसत्त्वाचा तक्ता माझ्या नातवाकडे. पठ्ठ्याने लिहिलं, ‘संत जॉर्जी यांनी मिरचीतून जीवनसत्त्व शोधले.’ वर आवळ्याशेजारी दाढीवाले बाबा काढले, डोक्यामागे तेजोवलयासकट! मी हसले खरी, पण पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना मीही वर्गात ‘सेंट जॉर्जी’च म्हणत आले. आता रविवारच्या आत खरं काय ते सांगा.

उत्तर १:
बाई, नातू निम्मा बरोबर आहे. हे सेंट-ग्योर्गी हंगेरीचे शास्त्रज्ञ, आणि मी दोन वर्षं तिथेच बुडापेस्टला नोकरीला होतो. ‘सेंट’ म्हणजे संतच, ‘ग्यॉर्ग्य’ म्हणजे जॉर्ज. पण खरी गंमत शेवटच्या ‘इ’त आहे. गावाच्या नावाला ‘इ’ लावला की तिथला माणूस: बुडापेस्टचा तो बुडापेस्टी. आपण इंदूरचे इंदुरी म्हणतो, अगदी तसं! चर्चच्या संताचं नाव गावाला पडायचं, त्यामुळे हंगेरीत सेंटग्यॉर्ग्य नावाची गावं बरीच. बालाटन सरोवराजवळही एक आहे. म्हणजे हे आडनाव आपल्या ‘-कर’च्या जातीचं. माणूस संत नव्हे, संताच्या गावचा.

उच्चाराचं म्हणाल तर लिपीत ‘जीवाय’ दिसतं, पण ते त्यांच्या वर्णमालेत एकच अक्षर, जसं आपलं ज्ञ. आवाज ‘द्य’च्या जवळचा. म्हणून ‘सेंट-द्यॉर्द्यि’. मधला स्वर ओठ गोल करून म्हणायचा. मला दोन वर्षांत जमला नाही.

उत्तर २:
तक्त्यावर ‘ग्योर्गी’ एकटं लिहू नका. तिकडे ते मुलीचं नाव असतं! जोडरेघेसकट सगळं मिळून एकच आडनाव. आणि हंगेरीत आडनाव आधी: सेंट-द्यॉर्द्यि आल्बर्ट. शाळेच्या हजेरीपटात आपलंही तसंच असतं की. इंग्रजी पुस्तकांनी ते उलटं केलं.

प्रश्नकर्ती:
‘-कर’वर मी खूश! मग हे आमचे द्यॉर्द्यिकर. पण मिरचीचं खरं ना?

उत्तर १:
खरं. १९२८ला त्यांनी हा पदार्थ, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व, वेगळा काढला तेव्हा रेणूची रचनाच कळेना, म्हणून त्याला ‘इग्नोज’ नाव सुचवलं, म्हणजे ‘ठाऊक नाही’ला साखरेचा प्रत्यय. शोधनिबंध छापणाऱ्या संपादकांनी नाकारलं, तर पठ्ठ्या म्हणे ‘गॉडनोज’, देव जाणे! शेवटी ‘हेक्झुरोनिक आम्ल’वर भागलं. पुढे सेगेद शहरी विद्यापीठात असताना पाप्रिका मिरचीतून भरपूर मिळालं. १९३७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. हो, सेगेदमधलाही ‘स’च. हंगेरियनमध्ये ‘एस-झेड’ जोडलं की ‘स’ आणि नुसता ‘एस’ असला की ‘श’, म्हणून ते बुडापेस्टला ‘बुदॉपेश्त’ म्हणतात. आपल्या वाचनाच्या बरोबर उलटं.

प्रश्नकर्ती:
झालं. तेजोवलय खोडरबराने पुसलं, दाढी राहिली (नातवाचा हट्ट). मथळा असा: ‘सेंट-द्यॉर्द्यि आल्बर्ट, संत जॉर्जच्या गावचे’. खाली मिरची लाल रंगवली आहे. हिंदी शाळेतली त्याची मैत्रीण विचारते, ‘ये द्या क्या है?’ तिला अर्धा तास ओठ गोल करायला शिकवलं.