मदत हवी आहे: बिकानेरहून आलेल्या भावाच्या हातावरची न भरणारी जखम, लिशमानियासिस (वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा परजीवींचा आजार) असेल का?

धाकटा भाऊ (२९) बिकानेरला सोलरच्या साइटवर आठ महिने होता, उन्हाळ्यात रात्री उघड्यावरच झोपायचे सगळे. परत आल्यावर उजव्या मनगटाच्या वर डास चावल्यासारखी पुळी आली, ती वाढत वाढत आता रुपयाच्या नाण्याएवढी झालीय, मधे जाड खपली, कडा उंच आणि लालसर, खपली निघाली की खाली ओलं दिसतं पण दुखत अजिबात नाही. आता तशीच एक गालावर, डोळ्याच्या जरा खाली सुरू झालीय, म्हणून जास्त काळजी वाटतेय.

चार महिने झाले. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, बुरशीचं मलम लावून झालं, फरक शून्य. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (जुनाट सुजेतला पेशींचा पुंजका) आला, टीबीचे जंतू दिसले नाहीत, एलडी बॉडीजबद्दल (लिशमानियाचे परजीवी) रिपोर्टमधे एक शब्द नाही कारण बिकानेरचं आम्ही सांगितलंच नव्हतं, ती आमचीच चूक. ताप नाही, वजन तेवढंच, शुगर आणि एचआयव्ही नॉर्मल. आता डॉक्टर अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हणतायत.

बिकानेर भागात त्वचेचा लिशमानियासिस वाळूमाशीमुळे होतो हे वाचलंय. काळा आजाराची (लिशमानियासिसचा आतल्या अवयवांना होणारा प्रकार) आरके३९ टेस्ट त्वचेच्या प्रकारात फारशी उपयोगाची नाही हेही कळलं, त्यामुळे ती सुचवू नका प्लीज.

आम्ही सांगलीत राहतो, पुणे-मुंबईला येऊ शकतो. टीबीच्या गोळ्यांआधी जखमेच्या कडेचा स्मिअर (खरवडून काढलेला नमुना काचेवर तपासणं) आणि पीसीआर (परजीवीच्या डीएनएची तपासणी) कुठे करून मिळेल? आणि निदान पक्कं झालं तर डोळ्याजवळच्या जखमेत स्टिबोग्लुकोनेटचं (लिशमानियासिसवरचं औषध) इंजेक्शन देतात, की तिथे दुसरा उपचार करतात?