सेफिक्झिम लागू का पडलं नाही?

प्रश्न: आईला लघवीचं इन्फेक्शन झालंय. पाच दिवस सेफिक्झिम देऊनही ताप उतरेना. कल्चरच्या रिपोर्टवर ई. कोलायपुढे ‘ईएसबीएल’ लिहिलंय. म्हणजे काय?

उत्तर: मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ताई, हे ई. कोलाय जिवाणू एक विकर (एन्झाइम) बनवतात, त्याचंच नाव ईएसबीएल. ते औषधाच्या रेणूतली चार अणूंची कडी फोडतं, की औषध निकामी. सेफिक्झिम हे सेफॅलोस्पोरिन गटातलं प्रतिजैविक, आणि या गटातल्या औषधांचं मूळ बुरशीत आहे. १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहरात, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून जुझेप्पे ब्रोत्झू या शास्त्रज्ञांनी ती बुरशी मिळवली. आजही टाक्यांत बुरशी वाढवून सेफॅलोस्पोरिन सी हा मूळ पदार्थ काढतात, त्याची बाजूची साखळी छाटून नवी जोडतात. किती कष्टानं हाती आलेलं औषध आहे हे!

प्रश्नकर्ती: मग आता?

उत्तर: रिपोर्टात ‘एस’ लिहिलेली, म्हणजे या जिवाणूंवर लागू पडणारी, औषधं असतील. आजच डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.