पार्किन्सन्स: बाबांना व्यायाम करावासाच वाटत नाही, उपाय सुचवा

नमस्कार मंडळी,

बाबांना पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपाच्या गोळ्या चालू आहेत, गुणही येतो. थरथर बरीच आटोक्यात आहे. अडलंय ते दुसरीकडेच. व्यायामाचं नाव काढलं की "नको" म्हणतात आणि बसून राहतात. चिडत नाहीत, वादही घालत नाहीत. आईला हा आळस वाटतो. डॉक्टर म्हणाले, या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी झालं की हालचालीच मंदावतात असं नाही, काही करायची उमेदही आटते. शिवाय नैराश्य आहे का, ते पुढच्या भेटीत तपासणार आहेत, कारण त्यावर वेगळे उपचार असतात. तोवर आमचं गाडं अडलेलं: मन लागावं म्हणून व्यायाम हवा आणि व्यायाम व्हावा म्हणून मन हवं.

चेहऱ्यावर भाव फारसे उमटत नाहीत, त्यामुळे एखादी गोष्ट आवडली की नाही हेही समोरच्याला कळत नाही. गोळी लागू पडली की मात्र आवाज जरा मोकळा होतो, आणि तेव्हा नातीने हात धरला तर उठतात. असर उतरत आला की जीव घाबरा होतो, दारात पाय जमिनीला खिळतात. उंबऱ्याअलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल निघतं!

२०१९ साली हाँगकाँगमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार सौम्य ते मध्यम असलेल्या रुग्णांपैकी एका गटाने ८ आठवडे सजगतेवर भर देणारा योग केला, दुसऱ्याने स्ट्रेचिंग आणि ताकदीचे व्यायाम. हालचालींत दोन्ही गट सारखेच सुधारले, पण चिंता आणि नैराश्य योगवाल्यांचं जास्त कमी झालं. त्यामुळे नुसत्या फिजिओवर थांबावं असं वाटत नाही.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना विचारायचंय:

गटात व्यायाम केल्याने मनाला उभारी येते का? बाबा चारचौघांत जायला संकोचतात, लोक हाताकडे बघतात म्हणून. फक्त पार्किन्सन्सच्या रुग्णांचा गट असला तर हा संकोच कमी होतो का?

उठताना बाबांचा रक्तदाब घसरतो, चक्कर येते. खुर्चीत बसून करायचा योग कोणी केलाय का? तालावर चालणं किंवा नाच?

आणि मुख्य म्हणजे, सुरुवात कशी करून दिलीत? "चला, उठा" म्हणून आम्ही थकलो. ठरलेली वेळ, सोबत, गाणं, नक्की कशाने जमलं?

काढे आणि चमत्कारी तेलं कृपया नकोत, नातेवाइकांनी तो कोटा पूर्ण केलाय.