शब्दचर्चा: मॅग्नेटोतल्या 'इम्पल्स कपलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जुन्या फार्मॉल एच ट्रॅक्टरच्या पुस्तिकेचं मराठी करतोय. मॅग्नेटोतल्या (इंजिनासाठी ठिणगी पाडणाऱ्या यंत्रातल्या) 'इम्पल्स कपलिंग'ला 'आवेग जोडणी' लिहिलं, पण वाचून काही उमगत नाही. बरा शब्द सुचवा.

पहिला प्रतिसाद: 'आवेग' भौतिकशास्त्राच्या तासाला ठीक. हँडल मारताना इंजिन इतकं हळू फिरतं की मॅग्नेटोची ठिणगी पडतच नाही. म्हणून आतला खटका रोटरला, म्हणजे मॅग्नेटोच्या फिरत्या भागाला, धरून ठेवतो, तोवर स्प्रिंग ताणते. खटका सुटला की रोटर गर्रकन फिरतो आणि चांगली ठिणगी पडते. 'झटका कपलिंग' म्हणा.

दुसरा प्रतिसाद: झटका हे निम्मंच काम झालं. रोटर अडल्यामुळे ठिणगीला उशीरही होतो. दट्ट्या वरच्या टोकाला पोचल्यावर ती पडते. लवकर पडली तर हँडल उलटं मारतं, मनगट जायचं. इंजिनाने वेग धरला की खटके बाहेर फेकले जातात, अडवणं थांबतं आणि ठिणगी आपोआप आधी पडू लागते, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स' होते. झटका आणि उशीर, दोन्ही खटक्यामुळेच. माझं मत 'खटका कपलिंग'ला.

प्रश्नकर्ता: पटलं. आता 'टायमिंगच्या खुणेवर ठिणगी पडावी' हे वाक्य बरोबर आहे का?

दुसरा प्रतिसाद: अर्धवट आहे. कुठली ठिणगी? हाताने फिरवतानाची, की चालू इंजिनाची? जॉन डिअरच्या जुन्या दोन सिलिंडरवाल्या ट्रॅक्टरांच्या फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) 'एल एच इम्पल्स' अशीच खूण असते; 'एल एच' म्हणजे डावा. डावा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं, खूण जुळताना खटका 'टक्' वाजला पाहिजे. म्हणून लिहा: 'खूण जुळते तिथे खटका सुटावा.' वाचणाऱ्याला कानाने तपासता येतं.

तिसरा प्रतिसाद: पॉइंटबद्दल (मॅग्नेटोतला वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काबद्दल) लिहिताना 'तुटतो' नको, 'उघडतो' लिहा. नाहीतर कुणीतरी नवा पॉइंट आणायला निघेल! फार्मॉलच्या एच-४ मॅग्नेटोत पूर्ण उघडल्यावर फट ०.०१३ इंच. तिथे 'अंतर'पेक्षा 'फट' किंवा सरळ 'गॅप'.

प्रश्नकर्ता: आणि 'रिटार्ड'ला 'मंद ठिणगी' चालेल?

पहिला प्रतिसाद: अजिबात नाही. चुंबक उतरला की ठिणगी मंद होते, तो वेगळाच आजार. इथे 'उशिराची ठिणगी'.